मुलांना घेऊन हैदराबाद: आधी रामोजीचा दिवस ठरवा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोलापुरातून कुणी ना कुणी हैदराबादला जातंच. रस्त्याने जेमतेम तीनशे किलोमीटर. पुणेकरांना एका रात्रीची गाडी, आणि नांदेडकरांना तर मुंबईपेक्षा हैदराबादच जवळ. पण परत आल्यावर निम्मे लोक एकच रड सांगतात, "रामोजी फिल्म सिटी अर्धीच पाहून झाली." कारण तेच असतं. स्वस्त दिसलं म्हणून हॉटेल आधी घेतलं, मिळाली ती गाडी पकडली, दोन दिवस शहरात फिरले आणि रामोजी शेवटच्या दिवशी कोंबलं. रात्रीची परतीची गाडी डोक्यावर, त्यामुळे तीन वाजल्यापासून सगळ्यांची नजर घड्याळाकडे.

पहिल्या खेपेला आमचंही असंच झालं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा क्रम उलटा केला: आधी पार्कचा दिवस, मग हॉटेल, मग गाडी, आणि शहर उरलेल्या वेळात. सोबत सासूबाई आणि दोन मुलं, एक सहा वर्षांचं, एक अकराचं. तोच क्रम इथे सांगते.

पहिली पायरी: पार्क नक्की कुठलं?

हा प्रश्न घरात बसून सोडवा. रामोजी फिल्म सिटी म्हणजे पाळण्यांची जत्रा नव्हे. १९९६ साली उभारलेला तो चित्रपटांचा प्रचंड मोठा स्टुडिओ आहे, जगातला सगळ्यात मोठा म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. तिथे बसमध्ये बसून सेट बघायचे, ठरलेल्या वेळी शो बघायचे, बागा बघायच्या. पाळणे आणि लहान मुलांचा 'फंडुस्तान' आहे, पण पोट ढवळून काढणाऱ्या राइड्स हव्या असतील तर मुलं हिरमुसतात. त्यांच्यासाठी वंडरला. शहराच्या दक्षिणेला, आउटर रिंग रोडच्या कडेला रावीर्यालला ते २०१६ पासून सुरू आहे. तिथे पाण्याच्या आणि कोरड्या अशा दोन्ही राइड्स आहेत.

आजी-आजोबा सोबत असतील, किंवा मुलं दहाच्या आतली असतील, तर रामोजी. सगळी मुलं बारा-चौदाची आणि आई-बाबाही हौशी, तर वंडरला. दोन्ही एकाच सहलीत करू नका. खिशाला परवडलं तरी पायांना परवडत नाही.

वंडरलाला जाणार असाल तर निघण्यापूर्वी मुलांना भिंतीला टेकवून उभं करा आणि पेन्सिलने रेघ मारून उंची मोजा. थरारक राइड्सना १४० सेंटिमीटरची अट असते. आपलं पोरगं १३६ वर अडकलंय हे राइडच्या रांगेत पाऊण तास उभं राहिल्यावर कळण्यापेक्षा घरच्या भिंतीवर कळलेलं बरं. पाण्यातल्या राइड्सना सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. ते सोबत न्या, नाहीतर तिथे विकत किंवा भाड्याने घ्यावे लागतात.

आम्ही रामोजीला गेलो, म्हणून पुढचं सगळं रामोजी धरून सांगते.

दुसरी पायरी: दिवस कुठला?

चार दिवसांच्या सहलीत पार्कचा दिवस दुसरा. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो आणि गाडी उशिरा पोचण्याची भीती असते. शेवटच्या दिवशी सामान आणि परतीची घाई. दुसऱ्या दिवशी मुलं ताजी असतात, आणि त्यानंतर तिसरा दिवस आरामात शहर बघायला उरतो.

वार बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद असतात, नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असतं. म्हणून रामोजीसाठी शुक्रवार धरला तर काहीच वाया जात नाही, उलट शनिवार-रविवारपेक्षा गर्दी कमी मिळते. आम्ही गुरुवारी पोचलो, शुक्रवारी रामोजी, शनिवारी म्युझियम आणि चारमिनार, रविवारी परत.

महिना ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात सुट्टी असते हे खरं, पण रामोजीत सगळा दिवस उघड्यावर जातो आणि तेलंगणातलं ऊन आपल्या सोलापूरच्या उन्हाला भाऊच शोभेल. दसरा आणि संक्रांतीला तिथल्या शाळांनाही सुट्टी असते, तेव्हा रांगा दुप्पट. गणपतीच्या दिवसांत जायचं असेल तर अनंत चतुर्दशी टाळा. हुसेनसागरात विसर्जन असतं, खैरताबादचा अवाढव्य गणपती निघतो आणि शहराच्या मध्यातले रस्ते बंद होतात. तोच बघायला जात असाल तर गोष्ट वेगळी, मग त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. रमजानमध्ये चारमिनारचा भाग रात्री उजळलेला असतो, हलीमच्या हंड्या लागलेल्या असतात, पण दिवसा जुन्या शहरातली बरीच खाण्याची दुकानं बंद मिळतात.

तिसरी पायरी: हॉटेल, म्हणजे खरं तर मेट्रो

पहिल्या खेपेची आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. फोटोत पांढऱ्या चादरी आणि काचेची लॉबी बघून हायटेक सिटीकडचं हॉटेल घेतलं. खोली छान होती, तक्रार नाही. पण रामोजी शहराच्या पार पूर्वेला आणि आम्ही पश्चिमेला. सकाळच्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत साडेअकरा वाजले, धाकट्याने वाटेत दोनदा उलटी केली.

हैदराबादचा नकाशा डोक्यात ठेवायला सोपी युक्ती म्हणजे मेट्रोची लाल लाइन. मियापूरहून निघते आणि एल. बी. नगरला संपते. मध्ये अमीरपेट, खैरताबाद, लकडी का पूल, असेंब्ली, नामपल्ली, एम.जी.बी.एस. बसस्थानक, दिलसुखनगर. आता बघा: बिर्ला मंदिर आणि लुंबिनी पार्क असेंब्लीच्या आसपास, सालारजंग आणि चारमिनार एम.जी.बी.एस.पासून रिक्षाने जवळ, आणि रामोजीला जायचा रस्ता एल. बी. नगरवरून. म्हणून लकडी का पूल ते नामपल्ली-आबिड्स या पट्ट्यात, मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत हॉटेल बघा. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारी हॉटेलं या भागात भरपूर आहेत.

बुकिंग करण्यापूर्वी हॉटेलला थेट फोन करा. ॲपवर 'फॅमिली रूम' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. एका ठिकाणी आम्हाला फॅमिली रूम म्हणून जी खोली दाखवली तिच्यात एक डबल बेड होता आणि कपाटामागे उभी करून ठेवलेली एक गादी. सासूबाईंनी गादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पर्समधली गुडघ्याची गोळी काढली. त्यामुळे फोनवर एवढं विचाराच: खाटा किती आणि केवढ्या? गादी जास्तीची घेतली तर तिचे पैसे वेगळे का? किती वर्षांपर्यंतच्या मुलाला फुकट? लिफ्ट आहे का, आणि ती आपल्या मजल्यापर्यंत जाते का? सांगितलेला भाव कर धरून आहे का? नाश्ता किती वाजता सुरू होतो? हा शेवटचा प्रश्न पार्कच्या दिवशी कामाला येतो. नाश्ता आठला सुरू होत असेल तर त्या दिवशीचा नाश्ता बुडाला असं समजा, कारण तुम्हाला साडेसातला बाहेर पडायचंय.

आणखी एक. स्टेशनजवळची काही हॉटेलं चोवीस तासांच्या हिशोबाने खोली देतात, म्हणजे सकाळी सहाला घेतली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत. काही ठिकाणी दुपारी बाराचा नियम. तुमची गाडी पहाटे पोचत असेल तर हा फरक एका दिवसाच्या भाड्याएवढा पडतो. मोठ्या माणसांची, सगळ्यांची, आधार कार्डं सोबत असू द्या, एकाच्या कार्डावर भागत नाही.

फिल्म सिटीच्या आतही 'सितारा' आणि 'तारा' अशी हॉटेलं आहेत. सितारा महाग, तारा त्यामानाने हलकं. दोन दिवस फक्त रामोजीच बघायचं असेल तर तिथे राहायला हरकत नाही. पण शहरही बघायचं असेल तर रोजचा प्रवास उलट्या दिशेने वाढतो, आणि संध्याकाळी बाहेर पडून काही खावं म्हटलं तर आसपास काही नाही.

चौथी पायरी: गाडी

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दिवाळीसाठी त्याच दिवशी सकाळी बसावं लागतं, नंतर तत्काळच्या नादी लागू नका. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, नको असेल तर अर्धं. रात्रीच्या प्रवासात अकरा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेता येत नाही, तेव्हा बर्थ घ्या.

मुंबई, पुणे, सोलापूरकरांना हुसेनसागर एक्सप्रेस सोयीची. पुण्याहून सिकंदराबादला शताब्दीही आहे, सकाळी निघून दुपारी पोचवते, पण बसून जायची. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकरांना देवगिरी. नागपूरकरांना २०२४ पासून सिकंदराबादची वंदे भारत मिळाली आहे.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी एक गंमत. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद करत जो महामार्ग हैदराबादला जातो, तोच पुढे विजयवाड्याकडे जातो आणि रामोजी त्याच रस्त्यावर आहे. मात्र शहरातून आरपार जायचा वेडेपणा करू नका. पाटणचेरूजवळ आउटर रिंग रोड पकडा आणि पेद्दा अंबरपेटला उतरा. रामोजी तिथून हाकेच्या अंतरावर. गाडीने जाणाऱ्यांनी पहिली रात्र एल. बी. नगर किंवा हयातनगरकडे काढली तरी चालेल.

पाचवी पायरी: पार्कचा दिवस

तिकिटं आदल्या रात्री ऑनलाइन काढून ठेवा. भाव हंगामाप्रमाणे बदलतात, जेवणासह आणि जेवणाशिवाय अशी वेगवेगळी पॅकेजं असतात. त्यातलं सगळ्यात महाग पॅकेज घ्यायची गरज नाही. लहान मुलांचं तिकीट वयावर आहे की उंचीवर, ते तिकीट काढतानाच नीट वाचा.

सकाळी मेट्रोने एल. बी. नगर, तिथून साधारण वीस किलोमीटर. एस.टी.सारख्या तिथल्या आर.टी.सी. बसेस जातात, पण चौघं-पाचजण असाल तर कॅबच बरी. ती जाऊन-येऊन अशी ठरवा किंवा ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेवा. संध्याकाळी सगळा पार्क एकदम बाहेर पडतो आणि त्या वेळी ॲपवर गाडी मिळणं नशिबाचा भाग असतो. आम्ही पहिल्या खेपेला पाऊण तास कठड्यावर बसून होतो.

नऊच्या आधी गेटवर असा. गेटपाशी बॅगा तपासतात, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. दशम्या, चिवडा, धपाटे सगळं हॉटेलवर ठेवा. अगदी लहान बाळाचं खाणं किंवा कुणाचं पथ्य असेल तर गेटवरच आधी सांगा. गेटपासून त्यांची बस आत नेऊन 'युरेका' नावाच्या भागात सोडते, तिथे दिवसाची सुरुवात नाच-गाण्याने होते.

इथे मुलं धावत सुटतात. त्यांना धरा. आधी एका माणसाने शोच्या वेळांचं पत्रक घ्यायचं आणि सगळ्यांनी सावलीत बसून तीन गोष्टींवर खूण करायची, त्याहून जास्त नाही. आमच्या घरी मोठ्याने वाइल्ड वेस्टचा स्टंट शो निवडला, धाकट्याने फंडुस्तान, सासूबाईंनी बागा. मी काही निवडलं नाही, मला चहा पाहिजे होता. या तिन्हींच्या मध्ये सेट दाखवणारी बस बसवायची. स्टंट शोला वीस मिनिटं आधी जाऊन वरच्या पायऱ्यांवर सावलीतली जागा पकडा. उशिरा येणारे उन्हात बसतात.

सेटची बस म्हणजे रामोजीचा खरा गाभा, आणि तिलाच सगळ्यात मोठी रांग. रेल्वे स्टेशन, विमानतळ, तुरुंग, परदेशी वाटणारी गल्ली, 'बाहुबली'चा सेट. गाईड हिंदीत भराभर बोलत जातो. ऐकण्यापेक्षा हात लावून बघायला लावा. धाकट्याने एका देवळाच्या दगडी खांबावर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि मोठ्याने ओरडला, "आई, पोकळ आहे!" मग पुढच्या प्रत्येक सेटवर टकटक. दगड प्लास्टरचा, वीट रंगवलेली, दाराच्या मागे खोलीच नाही. सिनेमा कसा बनतो हे त्याला तेवढ्यात कळलं. मोठ्याला एवढंच सांगितलं की २००० साली सुरू झालेल्या ई टीव्ही मराठीच्या बातम्या इथूनच जायच्या, आपल्याकडची कितीतरी पत्रकार मंडळी नोकरीसाठी इथे येऊन राहिली होती. ते चॅनल २०१५ साली कलर्स मराठी झालं. त्याला काही विशेष वाटलं नाही, सासूबाईंना मात्र वाटलं.

जेवण बाराला उरकून घ्या. एकच्या पुढे प्रत्येक काउंटरवर झुंबड असते. दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ फुलपाखरांची बाग, पक्ष्यांचा विभाग, बोन्साय यांसाठी राखून ठेवा, कारण तेव्हा मुलांची चिडचिड सुरू होते आणि सावलीत हळूहळू चालणं एवढंच जमतं. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, एक जास्तीचा टी-शर्ट. नवे बूट अजिबात घालू नका. सण-सुट्टीच्या हंगामात संध्याकाळी दिव्यांची मिरवणूक असते. ती बघायची असेल तर तिकीट त्याप्रमाणे लागतं, आणि मुलं तोवर टिकतील का याचा अंदाज तुम्हालाच घ्यायचाय. आमची टिकली नाहीत.

सहावी पायरी: उरलेलं शहर

पोचलात त्या संध्याकाळी फार काही नको. बिर्ला मंदिर, मग लुंबिनी पार्कातून बोटीने हुसेनसागरातल्या बुद्धापर्यंत. एका अखंड दगडाची ही मूर्ती १९९० साली नेताना तळ्यात बुडाली आणि १९९२ मध्ये बाहेर काढून उभी केली. ही गोष्ट बोटीत सांगितली की मुलं पाण्यात वाकून बघतात, तेव्हा कॉलर धरून ठेवा.

शनिवारी सकाळी सालारजंग. अख्खं म्युझियम बघायचा हट्ट सोडा. साडेअकराला आत जा, झिरझिरीत संगमरवरी बुरख्यातल्या रिबेकाचा पुतळा बघा आणि बाराला दहा कमी असताना संगीत घड्याळापाशी या. समोर बाकं मांडलेली असतात, ती भरतात, मग लोक जमिनीवर बसतात. प्रत्येक तासाला घड्याळातून एक इवलासा माणूस बाहेर येतो, घंटेवर जितके वाजले तितके टोले देतो आणि आत जातो. बाराला बारा टोले, म्हणून तेव्हा जा. शंभरेक माणसं एका बोटभर बाहुल्यासाठी श्वास रोखून बसलेली असतात, आणि तो आत गेल्यावर सगळे एकमेकांकडे बघून हसतात.

तिथून रिक्षाने चारमिनार. १५९१ सालची इमारत, भोवती लाड बाजाराच्या लाखेच्या बांगड्या. भाव अर्ध्यावरून सुरू करा. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्कीट तिथेच उभ्याने घ्यायचं. भाषेची अडचण नाही, दखनी हिंदीत 'नक्को' ऐकलं की ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. तो आपलाच 'नको' आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, काचीगुडा-सुलतान बाजाराकडे पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं आहेत आणि विवेकवर्धिनीसारखी मराठी माणसांनी काढलेली शाळा १९०७ पासून चालू आहे.

संध्याकाळी गोवळकोंडा. फत्ते दरवाज्याखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते. एकाने खाली थांबायचं, बाकीच्यांनी वर जायचं, म्हणजे गुडघेदुखीवाल्यांनाही काम मिळतं. सासूबाईंनी खालून तीन टाळ्या दिल्या, वरून मुलांनी आरोळी ठोकली, ती काही खाली पोचली नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना चारमिनार आणि गोवळकोंड्याला तिकीट नाही. दिवस मावळल्यावर ध्वनी-प्रकाशाचा खेळ असतो, हिंदी खेळ कुठल्या वेळी आहे ते तिकीट घेताना विचारा आणि ओडोमॉस लावून बसा.

निघायच्या दिवशी फक्त खरेदी. मोअज्जम जाही मार्केटजवळ बिस्किटं आणि आइस्क्रीम, दोन्ही एकाच फेरीत होतं, आणि हॉटेल नामपल्लीकडे असेल तर चालत परत येता येतं.

आणि रिक्षात बसण्यापूर्वी तिकिटावरचं स्टेशन पुन्हा वाचा. नामपल्ली, सिकंदराबाद आणि काचीगुडा ही तीन वेगवेगळी मोठी स्टेशनं आहेत, तिकिटावर नामपल्लीचं नाव 'हैदराबाद डेक्कन' असं येतं. येताना एका स्टेशनवर उतरलात म्हणून जाताना तेच असेल असं नाही. आम्ही "स्टेशन चलो" म्हटलं तेव्हा रिक्षावाल्याने किक मारायचं थांबवून मागे वळून विचारलं, "कौनसा?" आणि आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. तिकीट सासूबाईंच्या पर्समध्ये होतं, गोळ्यांच्या पाकिटाखाली.